तासाला दोन लिटर

बाजाराच्या इमारतीचा जनरेटर चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे लिटरमामा म्हणत. जगातली कुठलीही गोष्ट मामा डिझेलमध्ये मोजत. लिफ्ट एवढ्या लिटरची, शिंप्याच्या मशिनी तेवढ्याच्या. धाकट्या भावाच्या लग्नाचा विषय निघाला तरी "चाळीस लिटरचं लग्न होतं ते, चेष्टा नाही!" असं ऐकायला मिळे. जे टाकीत दिसत नाही, त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

जनरेटर मागच्या बोळात आणि मामांची खोली बरोबर त्याच्या डोक्यावर. उभा संसार त्या धडधडीत झाला. मग मामींना धाप लागू लागली, डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं आणि मामांच्या जिवाला घोर लागला. वीज गेली की मशीन बंद, आणि वीज तर रोज संध्याकाळी जायची. पूर्वी दुकानांची शटरं खाली आली की मामा जनरेटर बंद करून वर येत. आता एकट्या मामींसाठी तो चालू राहू लागला. सगळा बाजार बंद असतानाही टाकीतलं डिझेल तासाला दोन लिटर उतरतं हे त्यांनी पट्टी घालून पाहिलं आणि ते सरळ मामींच्या नावावर टाकलं. मामींचा श्वास म्हणजे तासाला दोन लिटर!

बॅटरीचा विचार त्यांनी केला नाही असं नाही. सोलरच्या दुकानात जाऊन म्हणाले, "तासाला दोन लिटर, असं बराच वेळ चालेल अशी दाखवा." दुकानदारही पोचलेला. लिटरला दहा युनिट धरून त्याने आकडेमोड केली आणि कपाटाएवढी वस्तू पुढे केली. मामा हात जोडून परत आले. "तू काही त्या सोलरबिलरला झेपायची नाहीस," ते मामींना म्हणाले. "आपला जनरेटरच बरा."

मामींची धाप मात्र वाढतच गेली. वीज नसली की जास्तच. विजेची धास्ती घेते, असं मामा म्हणत. धूर खोलीत भरत होता, पण त्यांचं नाक त्याला कधीच सरावलं होतं.

थोरल्या मुलीला सोलर बसवणाऱ्यांकडे नोकरी लागली. पहिल्या सुट्टीला ती घरी आली तेव्हा मामांनी तिलाही दोन लिटर ऐकवले. तिने ऑक्सिजन मशीनच्या वायरीला मीटर लावून पाहिला.

"बाबा, दोन लिटर तो जनरेटर पितो. एवढं धूड नुसतं फिरवायलाच तेवढं लागतं. आईचं मशीन त्यात कुठल्या कुठे!"

"मग तिचं किती?"

"तुमच्या तेलात सांगू? तासाला पळीभर. एक बॅटरी आणि छपरावर दोन-चार पॅनेल, बास."

"मला शिकवू नकोस," म्हणत मामा तणतणत खाली गेले. त्या वेळी वीज होती, मामींचं मशीन विजेवर चाललं होतं. मामांनी जनरेटर मोकळाच सुरू केला, एकही दिवा न जोडता, आणि तासाभराने टाकीत पट्टी घातली. दोन लिटरला जेमतेम केसभर कमी. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा घातली. तेवढंच!

त्यांनी जनरेटर बंद केला आणि पोरीला काय तोंड दाखवायचं या विचारात ते वर आले. वीज होती, मशीन चालू होतं, नाकाला नळीही होती, तरी मामी पलंगाची कड धरून वाकल्या होत्या आणि त्यांचा खोकला थांबत नव्हता. थोरली त्यांची पाठ चोळत होती. आज विजेची धास्ती नव्हती. मामांनी धावत जाऊन बोळाकडची खिडकी लावली.

"धुराने होतं हे? अगं, मग कधी बोलली कशी नाहीस?"

मामींनी दम खाल्ला. "बोलले असते तर तुम्ही तो बंद केला असता. मग माझं मशीन कशावर चाललं असतं? दोन लिटर लागतात ना मला? तुम्हीच तर मोजलं होतंत."