शंभर वर्षं टिकवायचं बी

धुळ्याची नात सुट्टीत पिंप्राळ्याला माझ्याकडे आली, ती टॅबवर एक खेळ घेऊनच. खेळात एक गाव, गावात एक दार. त्यातून आत गेलं की तेच गाव, पण शंभर वर्षांपूर्वीचं. मागे जाता येतं, परत येता येतं. हातातून मात्र काही आणता येत नाही. व माय! मी तर बघतच राहिले.

आताच्या गावात शेत उजाड, बी कुठेच नाही. जुन्या काळात एका घरात तीन मुठी बी. ते आजपर्यंत टिकवायचं, एवढंच कोडं. त्यातच आम्ही दोघी दोन दिवस अडकलो.

पहिली मूठ माझ्यामुळे गेली. मी म्हटलं, "तिथंच पेरून टाक. बी पेरायलाच असतं." पुढे येऊन बघतो तर नुसती धूळ.

"आजी, शंभर वर्षं पीक उभं राहतं का गं?" नात हसून लोळायला लागली. "आणि म्हणे शेतकऱ्याची सून!"

दुसरी मूठ तिने लाकडी पेटीत ठेवली. उघडली तर किड्यांनी पार भुगा केलेला. मग मीही हसून घेतलं.

उरली एकच मूठ. ती गेली की खेळ पहिल्यापासून, आणि नातीची धुळ्याची बस दुपारची.

मी ते जुनं घर बोटाने इकडेतिकडे सरकवत बसले. कोपऱ्यात विझलेली चूल, पुढे राखेचा ढीग. माझ्या सासूबाई वालाचं बी राखेत घोळून मडक्यात भरायच्या, तोंड शेणामातीने लिंपायच्या. कीड फिरकायची नाही. पण खेळ बनवणाऱ्याला हे काय माहीत असणार?

"राख उचलली जाते का बघ बरं."

"राख? भांडी घासायची का आजी?"

"बघ तर खरं."

उचलली गेली! राखेत बी घोळलं, तिथल्याच एका मडक्यात भरलं, चिखलाने तोंड बंद केलं नि दारातून परत आलो. मडकं तिथंच होतं, अर्धं जमिनीत रुतलेलं. नातीने फोडलं. बी जसंच्या तसं.

तिने ते पेरलं, आणि उजाड शेत बांधापर्यंत हिरवं होत गेलं. कोण कुठला तो खेळ रचणारा, त्याची भाषाही मला कळायची नाही. पण त्याच्याही घरी कधीतरी कुणी बाई राखेत हात घालून बसली असणारच. त्याशिवाय का सुचलं त्याला? माझा हात नकळत टॅबच्या काचेवर गेला.

"आजी, हात काढ ना! मला पण बघू दे."