भाटातलं भांगर

महादेव गोव्यातल्या पार्श्याच्या भाटात, म्हणजे माडाकाजूंच्या बागेत, आला तेव्हा त्याच्या अंगाला मुळगावच्या खाणीची तांबडी धूळ अजून चिकटलेली होती. खाणी बंद पडल्या, ट्रक उभा राहिला, तसा हा दोडामार्गचा गडी भाटाचे मालक गोकुळदास भाटकार यांच्या माडाकाजूंची राखण करायला राहिला. बायको जानकी आणि कुंपणाकडेची कौलारू खोली, एवढा त्याचा संसार. आवाज मात्र ट्रकवाल्याचाच. जानकी म्हणायची, ह्यांना फोन कशाला लागतो कोण जाणे.

ह्या भाटात भाटकारांच्या आज्यानं भांगर पुरलंय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भांगर म्हणजे सोनं. पोर्तुगीजांच्या काळात पुरलं म्हणे. तीन पिढ्यांनी खणखण खणलं, निघाल्या त्या घुशी.

तर परवा माडाचं रोप लावायला महादेवानं जुन्या आंब्यापलीकडे खड्डा घेतला आणि कुदळ ठण्णकन वाजली. निघाले कडीकोयंडे, सळ्या, फुटकं घमेलं. भाटातलं मोडकं लोखंड महादेवानं विकावं, ही भाटकारांचीच रीत. त्यानं भंगारवाल्याला फोन लावला आणि ओरडला, "अरे, भाटात भंगार गावला! पोताभर! बेगीन ये!"

कुंपणापलीकडून पाव विकणारा पोदेर सायकलीवरून चालला होता. त्याच्या कानात शिरलं 'भांगर'. मग काय, पावाबरोबर बातमीही घरोघर पोचली, तीही गरमागरम.

संध्याकाळी स्कूटरवरून भाटकार आले, मागे त्यांची बायको विनोदिनीबाय.

"महादेवा, भांगर खंय आसा?"

"ता? ता इकलंय मिया."

भाटकार होते तिथंच चिऱ्यावर टेकले. "विकलंस? कोणाला?"

"टेंपोवाल्याक. किलोच्या भावान."

"किलोच्या! आणि मला विचारलंसुद्धा नाहीस?"

"पुरा गंजलेला, भाटकार. हात लावला काय भुगो."

"खाल्ल्या घरचे वासे मोजलेस रे! उद्या खोली खाली कर."

दारातली जानकी आत गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला. महादेव म्हणाला, "जातंय. पण चोर म्हणू नका. चार सळयांसाठी इमान इकूचो नाय मिया."

"सळया?" विनोदिनीबाय पुढे झाली. "अहो, थांबा जरा. भांगराला गंज कधीपासून चढायला लागला?"

"म्हणजे... भंगार?" भाटकार म्हणाले. मग बाय जी हसत सुटली, ती पदराला डोळे पुसेपर्यंत.

"त्यातली एक वस्तू इकूक नाय," महादेव म्हणाला. "लोखंड नाय ता." खोलीमागून त्यानं हिरवं पडलेलं, पोटाळ तांब्याचं भांडं ओढत आणलं.

भाटकारांनी त्यावर हात फिरवला. "हे तर भाण! आजो ह्यात काजूचा रस चढवायचा, हुर्राकाची दारू काढायचा. करवाल्यांच्या भीतीनं पुरलं असणार."

"ह्यालाच म्हातारा भांगर म्हणत असणार," बाय म्हणाली. "बायकोपेक्षा ह्याच्यावरच जीव!"

भाटकारांनी डोकं खाजवलं. "महादेवा, घासून ठेव. काजू आले की तूच चूल पेटव. आणि ते... खोलीचं बोललो ते..."

"काय म्हणालात?" महादेवानं कानाला हात लावला. "माका आयकाक कमी येता, भाटकार. ट्रकवालो मिया."

आत जानकीनं बांधलेलं गाठोडं सोडलं. चहाचे कप त्यातच होते.