आभार मागणारे दोन देश

"या देशाबद्दल तुम्हाला किती कृतज्ञता वाटत असेल," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. ऐंशीच्या दशकात तर असं म्हणणारी माणसं मला दोन्ही बाजूंनी भेटत होती. एक देश मी सोडून आलो होतो आणि दुसऱ्यात राहत होतो. दोन्हीकडच्या माणसांचा सूर एकच असायचा: लग्नात चार दिवस राबलेल्या आणि पुढे जन्मभर त्याची आठवण करून देणाऱ्या दूरच्या नातेवाइकाचा.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहत होतो. मी पुलांचे गर्डर तपासायचो. नकाशावर अष्टमांश इंच लिहिलं असेल तर अष्टमांशच पाहिजे, त्यात 'साधारण' चालत नाही. बायको एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती, मुलगी सातवीत. माझे वडील अकोल्याला एकटे राहत होते. आई गेल्यावर त्यांनी कुणाकडेही जायला नकार दिला होता. एका हिवाळ्यात ते संध्याकाळी न्हाणीघरात घसरून पडले आणि सकाळी भांडीवाली येईपर्यंत तिथेच पडून राहिले. मला त्यांनी पत्रात लिहिलं, "थोडा घसरलो होतो." खरी हकिकत शेजाऱ्यांनी फोनवर सांगितली.

त्या दिवशी मी ठरवलं की त्यांना कायमचं इथे आणायचं. ग्रीन कार्डवर आईवडिलांना आणता येत नव्हतं, नागरिकाला आणता येत होतं. म्हणून मी नागरिकत्व घेतलं. यामागे याहून थोर कारण नव्हतं. कोर्टात शपथ झाल्यावर न्यायाधीशांनी भाषण केलं की आजपासून तुम्ही अभिमानाने मान वर करून चाला आणि या देशाचे कृतज्ञ राहा. माझ्या शेजारी उभी असलेली बाई रडत होती. मी मान वर केली तेव्हा मला छताला आलेली ओल दिसली, आणि पाणी नेमकं कुठून झिरपत असेल याचा मी विचार करत राहिलो.

मे महिन्यात वडील आले, पाहुण्यांच्या व्हिसावर. "नुसतं बघून तर जा," असं मी त्यांना म्हटलं होतं. माझा निर्णय झालेला होता. त्यांचा उन्हाळ्यात करून घ्यायचा होता.

पहिल्याच आठवड्यात जेवताना त्यांनी विचारलं, "शपथ काय घेतलीस ती जरा म्हणून दाखव."

मी मराठीत अर्थ सांगितला.

"म्हणजे आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडली. बरोबर?"

"शब्द तसेच आहेत, बाबा. सगळ्यांनाच म्हणावे लागतात."

"तुझ्या इंजिनिअरिंग कॉलेजची फी आठवते?"

"आठवते."

"त्या फीत तुझ्या प्रयोगशाळेचा दिवासुद्धा पेटला नसता. बाकीचं कुणी भरलं?"

"सरकारने. आणि सरकारनेच मला दोन वर्षं नोकरी दिली नाही, तेही धरा की हिशोबात." माझा आवाज चढला. "आणि ही शपथ मी तुमच्यासाठी घेतली."

"मी मागितली होती?"

बायकोने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिची वाद मिटवायची पद्धत हीच आहे. वडील चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे प्रत्येक वाक्य ते प्रमेय सिद्ध झाल्यासारखं संपवायचे. मीही त्यांचाच मुलगा. पुढचा महिना आम्ही जेवताना फक्त हवेबद्दल बोललो.

जूनमध्ये आमच्या मराठी मंडळाचं जेवण होतं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असं. वडिलांना सगळ्यांनी काका काका म्हणत मधोमध बसवलं. मग नेहमीचं सुरू झालं. आपली संस्कृती, आपली कुटुंबपद्धती, आपल्याकडची माणुसकी. एक डॉक्टर म्हणाले, "इथे सगळं आहे यार, पण आपल्या देशाची सर नाही." डॉक्टर गेल्या सहा वर्षांत एकदाही तिकडे गेले नव्हते, पण अभिमानाला तिकीट लागत नाही. मीही काही गोड वाक्यं बोललो. अशा ठिकाणी तसंच बोलायचं असतं. गाडीत वडील एवढंच म्हणाले, "कुणीच काही वाईट बोललं नाही." मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल.

समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहत होते. तरुणपणी सैन्यात होते. माझं नागरिकत्व झाल्याचं कळल्यावर ते केक आणि त्रिकोणी घडी केलेला अमेरिकेचा झेंडा घेऊन आले होते. झेंडा मी कपाटात ठेवून दिला होता. चार जुलै, इथला स्वातंत्र्यदिन, जवळ आला तशी मुलगी मागे लागली. "एव्हरीवन हॅज वन, डॅड. वुई लुक वीअर्ड." मग मी करायचं तर नीट, म्हणून अंगणात गॅल्व्हनाइज्ड पाइप काँक्रीटमध्ये पक्का उभा केला, ओळंबा लावून, आणि वर कप्पी बसवली. पाइप आजही सरळ आहे.

चार तारखेला सकाळी मी झेंडा दोरीला अडकवत होतो. वडील पायरीवर चहा पीत होते.

"हे काय करतोयस?"

"चढवतोय."

"असा? ओला टॉवेल वाळत घातल्यासारखा?" त्यांनी कप खाली ठेवला. "झेंडा कुणाचा का असेना, नीट चढला पाहिजे. आण इकडे."

शाळेतला दर पंधरा ऑगस्टचा झेंडा तेच बांधायचे. त्यांनी माझ्याकडून टोकं ताणून धरवली, घड्या घातल्या, आणि नातीला सांगून सुनेने लावलेल्या झेंडूची फुलं खुडून आणवली. पाकळ्या मोकळ्या करून घडीत भरल्या, गुंडाळी केली आणि वर सुरगाठ मारली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी शाळेत दर वर्षी असाच झेंडा पाहिला होता. गुंडाळी वर चढवली. बायको बाहेर आली, समोरचे गृहस्थ आणि त्यांची पत्नी रस्ता ओलांडून आले, आणखी दोन शेजारी थांबले. वडिलांनी दोरीला हिसका दिला. गाठ एका झटक्यात सुटली, झेंडा उलगडला आणि पाकळ्या सगळ्यांच्या डोक्यांवर पडल्या. मुलीने टाळ्या वाजवल्या. वडील सावधान उभे होते. दोन महिन्यांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

समोरच्या गृहस्थांचा चेहरा लाल झाला होता. खांद्यावरची पाकळी झटकून ते म्हणाले, "झेंडा ही पिशवी नाही. त्यात वस्तू भरत नाहीत. तसा नियम आहे."

मी म्हणालो, "आमच्याकडे मान देण्याची ही पद्धत आहे."

"ती पद्धत तिकडे ठेवा. या देशाने तुम्हाला घर दिलं, नोकरी दिली. निदान कृतज्ञ राहा आणि इथलं शिकून घ्या."

मग मी थांबलो नाही. "घर मी विकत घेतलं," मी म्हणालो. "नोकरी मला मिळाली कारण तुमच्या गर्डरमधला तडा तुमच्या माणसांना दिसत नव्हता, मला दिसला. आणि देशाचाच विषय काढलात म्हणून सांगतो. या रस्त्याचं पावसाळी गटार उलट्या उताराचं आहे. फुटाला पाव इंच उतार नाल्याकडे हवा, तो माझ्या घराकडे आहे. दर वसंतात माझं बेसमेंट भरतं. मी इथल्या नगरपालिकेच्या सभेत तीनदा उभा राहून बोललो. तिथे बसलेल्या एकाही शहाण्याने येऊन पातळी मोजून पाहिली नाही. यासाठी कुणाचे आभार मानू, तुमचे?"

"आवडत नसेल तर परत जा."

"जाणार नाही. तो उतार दुरुस्त करून घेणार."

मागून त्यांची पत्नी शांतपणे म्हणाली, "गटाराचं मात्र तो खरं बोलतोय." त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती शत्रूला जाऊन मिळाली होती. मग दोघंही रस्ता ओलांडून गेले. त्यानंतर पुष्कळ दिवस आमचं बोलणं बंद होतं, आणि त्याचं मला दुःख झालं नाही.

संध्याकाळी वडील घरामागच्या लाकडी डेकवर बसले होते. अजून उजेड होता. मी खुर्ची ओढून बसलो.

"चांगलं भांडलास," ते म्हणाले.

"टोमणा आहे का?"

"नाही. मला एक सांग, अकोल्याबद्दल तू शेवटचं वाईट कधी बोललास?"

मला आठवेना.

"कॉलेजातून सुटीत यायचास तेव्हा नगरपालिकेपासून दिल्लीपर्यंत कुणाला सोडायचा नाहीस. तुझी आई खिडक्या लावून घ्यायची. आता सगळं गोड. त्या तुमच्या मंडळात तर सगळेच गोड बोलत होते, मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. आणि आज गटारासाठी तुझ्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या."

"मग?"

"मग तू इथला झालास. शपथ माझ्यासाठी घेतली असं तुला वाटत असेल. मी काही त्यावर विश्वास ठेवत नाही."

"बरं, झालो इथला. मग तुम्हीही राहा. मी सोमवारी अर्ज करतो."

"मी आल्यापासून इथल्या कशालाही नाव ठेवलेलं ऐकलंस का? पाणी छान, रस्ते छान, लोक छान. सूनबाईंची त्या मायक्रोवेव्हमधली खिचडीसुद्धा छान म्हणालो. ती छान नव्हती."

"मला ऐकू येतंय बाबा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"येऊ दे. पाहुणा होतो म्हणून म्हणालो. उरलेलं आयुष्य मला पाहुणा म्हणून काढायचं नाही. तिथे नळाला पाणी आलं नाही की पहिला मी ओरडतो. नगरसेवक मला पाहून रस्ता बदलतो. ती माझी जागा आहे."

"आणि पुन्हा पडलात तर? रात्रभर पडून राहिलात तर?"

"तर राहीन. फरशी बसवणाऱ्याला शिव्या देत."

मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो की हा अभिमान नाही, हट्ट आहे. तुम्हाला तिथे कुणी विचारत नाही, पाणी आठवड्यातून दोनदा येतं, दवाखान्यात खाट मिळत नाही, डॉक्टर जागेवर नसतात, असल्या गावासाठी तुम्ही सख्ख्या मुलाला लाथाडता. मी बराच वेळ बोललो. अकोल्याला नावं ठेवताना मला कुठेच अडखळायला झालं नाही. वडील ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी दोनदा येतं हे कुणी सांगितलं तुला? आता तीनदा येतं." मग ते उठून आत गेले.

ऑगस्टमध्ये ते परत गेले. अर्ज मी केला नाही, कारण त्यांनी सही करायला साफ नकार दिला. त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पटतो. उरलेला अर्धा, ज्यात सत्तरीचा एकटा माणूस ओल्या फरशीवर पडलेला आहे, तो मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. देशाचा अभिमान बाळगणारी माणसं या अर्ध्या भागाबद्दल कधी बोलत नाहीत.

मी त्यांना गाडीने विमानतळावर सोडायला गेलो. मुलगी मागे झोपली होती. काउंटरवरच्या तरुण मुलीने त्यांची बॅग पट्ट्यावर ठेवली, तिकीट पाहिलं आणि हसून विचारलं, "आमचा देश कसा वाटला, सर?" तिने सहज विचारलं होतं, तरी मला तिचा संताप आला.

वडिलांनी तिला हात जोडले. "व्हेरी नाइस," ते म्हणाले. "एव्हरीथिंग व्हेरी नाइस. थँक यू. थँक यू व्हेरी मच." इतके आभार मानताना मी त्यांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.