दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

शाळेने सुट्टीत माझ्या मुलीला एक संख्या दिली होती: १०,२२,११७. तिचे सगळे गुणधर्म शोधून चार्ट करायचा. दहावीत गणितात जेमतेम मार्क पडले होते, त्यामुळे अकरावीत तिला गणित द्यायचं की नाही, ते हा चार्ट बघून ठरणार होतं. पोरीला गणितच हवं होतं, रडून डोळे सुजवले होते तिने.

मग काय, बापाने कंबर कसली! विषम आहे, आकड्यांची बेरीज चौदा, म्हणजे तीनने भाग जात नाही, शेवटी सात, म्हणजे पाचनेही नाही. आता ती प्राइम आहे का, एवढंच बघायचं होतं. आम्ही सरकारी माणसं लाखांत बोलतो, वरचे हजार फायलीत कोणी विचारत नाही. म्हटलं, दहा लाखांचं वर्गमूळ हजार. तेव्हा हजारापर्यंतच्या प्राइमने भागून बघितलं की झालं.

असे प्राइम एकशे अडुसष्ट निघतात. नोएडाचा उन्हाळा, लाइट गेलेली, आणि मी दोन दिवस घाम पुसत भागाकार करतोय. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही, हा माझाच हट्ट. ही बया मात्र कोपऱ्यात भलतेच वर्ग मांडत बसलेली.

"बाबा, यात चार मिळवले ना, तर..."

"नसते उद्योग करू नकोस! पुढचा आकडा वाच!"

नऊशे सत्त्याण्णवनेही भाग जाईना, तेव्हा मी स्वतः लाल पेनाने चार्टवर लिहिलं: प्राइम.

पीटीएमला, म्हणजे पालकसभेला, गणिताच्या मॅडमनी चार्ट पुढे सरकवला. "हज़ार के बाद पहला ही प्राइम, एक हज़ार नौ. उससे भाग जाता है." अरे देवा! वरचे बावीस हजार सोडले, त्यांनीच वर्गमूळ हजाराच्या पुढे नेलं होतं; एकशे अडुसष्ट तपासले आणि पुढच्याच एकाला गचकलो! मॅडम म्हणाल्या, "बेटा, कॉमर्स ले लो," आणि विषय निवडायचा फॉर्म ओढला.

तेव्हा पोरीने पेन्सिल मागितली. संख्येत चार मिळवले, एक हजार अकराचा वर्ग आला. त्यातून दोनाचा वर्ग वजा, म्हणजे १००९ गुणिले १०१३. दोन ओळी. बस्स!

मॅडम बघतच राहिल्या. "यह कब सूझा?"

"छुट्टियों में ही."

"फिर प्राइम क्यों लिखने दिया?"

तिने मान खाली घातली. "बाबा दो दिन से भाग कर रहे थे, मैम. उन्हें बुरा लगता."

मॅडमनी गणितावर खूण केली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. माझा हट्ट सांभाळायला पोरीने स्वतःचा विषय पणाला लावला होता, आणि मी तिला धड एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.