फॅमिलीला बोलावलंय

आमच्या बाबांना मुलं दोन आणि फॅमिली एक होती. फॅमिली म्हणजे आई. तिला त्यांनी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. घरात ‘अगं’ आणि बाहेर ‘फॅमिली’. “फॅमिलीला बरं नाही, हाफ डे टाकतो.” “फॅमिली गावी गेलीय, डबा नाही आज.” वागळे इस्टेटमध्ये ज्या कारखान्यात ते प्रेस मशीनवर होते, तिथले त्यांच्या वयाचे सगळेच असं बोलायचे. कोकणातून एकटे आलेले, एकेका खोलीत आठ-दहा जण राहिलेले पुरुष. चारचौघांत ‘बायको’ म्हणायची त्यांना लाज वाटायची. मग हा इंग्रजी शब्द पदरासारखा पुढे ओढला की झालं.

बरं, त्यांचं चुकत होतं असंही नाही. कल्याणला खोली बघायला गेलं की मालक पहिलं विचारायचा, “फॅमिली आहे ना? बॅचलरला देत नाही.” हॉटेलात माळ्यावर पडदे लावलेली फॅमिली रूम असायची, तिथं आई बरोबर असली तरच बाबांना बसू द्यायचे. मग फॅमिली कोण? आईच की!

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तेही इंग्रजी घेऊन. हे मी मिरवते. का मिरवू नये? कॉलेजात आमच्या मॅडमनी एकदा सांगितलं, की जुन्या इंग्रजीत फॅमिली म्हणजे घरातले नोकरचाकरसुद्धा. कधी कधी तर नुसते नोकरच, मालक त्यात धरायचाच असं नाही. मूळ लॅटिन शब्दच नोकरावरून आलेला. मी घरी येऊन हे ऐटीत सांगितलं. आई भाकरी थापत होती.

“म्हणजे मी नोकर. हे कळायला कॉलेज लागलं होय तुला?”

बाबा म्हणाले, “आणि मालक त्यात नाही म्हणतात. बघ, मी बोलतो ते बरोबरच आहे.”

“मालक म्हणे! आधी ताट घ्या स्वतःचं.”

खूप हसलो होतो आम्ही.

पुढे मला ठाण्यात नोकरी लागली. दोन मैत्रिणींबरोबर तिथंच खोली घेतली. खात्याची परीक्षा दिली, अधिकारी झाले. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात सत्कार ठरला आणि साहेब म्हणाले, “येताना फॅमिलीला आणा.” मी लगेच घरी फोन केला.

“बाबा, रविवारी माझा सत्कार आहे. साहेबांनी फॅमिलीला बोलावलंय. आईला ती हिरवी साडी नेसायला सांगा.”

“फॅमिलीला?”

“हो, मुद्दाम सांगितलंय.”

“बरं. पाठवतो.”

‘पाठवतो’ हा शब्द मला ऐकू आला, पण कळला नाही. मी आनंदात होते.

रविवारी हॉलमध्ये आई एकटीच आली. हिरवी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली.

“बाबा कुठेत?”

“खोपटला, एस्टी स्टँडवर. मला रिक्षानं दारापर्यंत सोडलं नि परत गेले. त्यांना कुठं बोलावलंय?”

मी काही बोलणार, तोवर माझं नाव पुकारलं. साहेबांनी माइकवरून आईवडिलांनाही वर यायला सांगितलं. आई वर आली. शाल, नारळ, फोटो. आईच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा त्या फोटोत आहे. माझा तो एकुलता एक सत्कार. पुढच्याच वर्षी बाबा गेले. त्यांना लिहायला-वाचायला येत होतं जेमतेम, पण मुलगी अधिकारी झालेली त्यांना डोळ्यांनी बघायची होती. एवढंच हवं होतं त्यांना, आणि ते दोन किलोमीटरवर बसून होते.

कार्यक्रम संपल्यावर आईला घेऊन मी खोपटला गेले. कल्याणच्या गाड्या लागतात तिथं बाबा बाकावर बसले होते. अंगात लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा.

“झालं? जेवण बरं होतं?”

“बाबा, फॅमिली म्हणजे तुम्हीसुद्धा! तुम्ही आधी!” मी जवळजवळ ओरडलेच. स्टँडवरची माणसं बघायला लागली.

बाबा म्हणाले, “मग आईबाबांना बोलावलंय असं म्हणायचंस ना, बाय. मराठीत.”

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. एवढी इंग्रजी शिकले, आणि ‘तुम्ही दोघं या’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत.

त्यांनी आईकडे तोंड वळवलं. “काय काय झालं?”

“साहेब बोलले. हिला शाल दिली. मलापण वर बोलावलं.”

“टाळ्या वाजल्या?”

“वाजल्या की.”

“जोरात?”

तेवढ्यात कल्याणची गाडी लागली. मी आईची पिशवी उचलली. बाबा उठले नाहीत.

“जाऊ दे ही,” ते आईला म्हणाले, “मागनं दुसरी येईल. तू बस गं इथं, आणि पहिल्यापासून सांग.”