कालवडीची सोडत

कर्वेनगरातल्या एका मोकळ्या जागेवर मी मुलींना कबड्डी शिकवते. दिवसा बँकेतली नोकरी आणि संध्याकाळी मैदान, असं कित्येक वर्षं चाललंय. मैदान मातीचं. सामने मात्र आता सगळीकडे मॅटवर होतात, आणि मातीत वाढलेल्या माझ्या मुली मॅटवर उतरल्या की पाय अडकून पडायच्या. जिंकत आलेले दोन सामने आम्ही तसे घालवले. तेव्हा मी ठरवलं, काहीही करून आपली मॅट घ्यायची.

त्यासाठी दोन दिवसांची स्पर्धा भरवायची आणि सोबत सोडत काढायची असं पालकांच्या बैठकीत ठरलं. बक्षीस काय ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली. कुणी मिक्सर म्हणालं, कुणी सायकल. आमच्या संघातल्या एका चढाईपटू मुलीचे वडील कात्रजच्या पलीकडच्या गावचे. गाव आता शहरात आलंय, पण त्यांनी गोठा मोडलेला नाही. ते म्हणाले, "मॅडम, मिक्सर बघाया कोण येतंय? माझी एक कालवड हाय, ती ठेवा. लोकं नुसती तिला बघाया येतील."

"अहो, पण फ्लॅटमधल्या माणसाला लागली तर तो काय करील?"

"ते त्यो बघंल की."

सगळे हसले आणि कालवड ठरली. तिकिटं छापून आली. एका मुलीचे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यांनी एक गठ्ठा नेला आणि दोन सकाळींत संपवून आले. मी खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त सरकारी अधिकारी उभे होते. सोसायटीत त्यांना सगळे काका म्हणतात आणि शक्यतो टाळतात. त्यांच्या हातात आमचं तिकीट होतं.

"हे आपलं?"

"हो काका. मुलींच्या मॅटसाठी."

"हेतू उत्तम आहे. गुन्हाही व्यवस्थित छापलाय. मागे पत्ता आणि फोन नंबरसुद्धा दिलाय, म्हणजे पोलिसांना शोधाशोध नको."

मला आधी ते थट्टा करताहेत असं वाटलं. ते आत येऊन बसले आणि शांतपणे सांगू लागले. तिकीट विकून, चिठ्ठी काढून बक्षीस द्यायचं म्हणजे लॉटरी. ती मनाला येईल तशी कुणालाही काढता येत नाही, मग पैसा धर्मादाय कामाला का जाईना. आधी सरकारला विचारावं लागतं.

"आपण विचारलंत?"

"नाही."

"मग उद्या साडेदहाला तयार राहा. मीही येतो. आपण एकट्या गेलात तर खरं बोलाल, पण चुकीच्या टेबलावर बोलाल."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बँकेत इतकी वर्षं काढलेली बाई जुगाराच्या प्रकरणात सापडली, तर लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही जिल्हाधिकारी कचेरीत गेलो. काका प्रत्येक टेबलाशी दोनच वाक्यं बोलत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. चौथ्या टेबलावर एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी तिकीट दोन्ही बाजूंनी वाचलं.

"रोख बक्षीस आहे का?"

"नाही. कालवड आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "जिवंत?"

"हो, चांगली धडधाकट आहे."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज जरा मऊ झाला. त्यांनी परवानगीच्या अटी सांगितल्या. तिकिटं फक्त मैदानावर, सामन्यांच्या दिवशीच विकायची. रोख रक्कम द्यायची नाही, बक्षिसाच्या बदल्यातही नाही. जमलेला पैसा मॅटलाच लागला पाहिजे. पोलीस ठाण्याचं पत्र जोडायचं, आणि सोडत त्यांच्या माणसासमोर काढायची.

"आणि बाहेर विकलेली तिकिटं?" मी विचारलं.

"ती परत घ्या. पैसे देऊन."

मार्केट यार्डात आम्ही सलग तीन सकाळी गेलो. हमाल बाबांना प्रत्येक गिऱ्हाईक लक्षात होतं. ते पुढे, मागे मी, आणि माझ्या मागे हातात वही घेतलेले काका. एका कांद्याच्या व्यापाऱ्याने तिकिटाची वीस रुपयांची नोट माझ्या हातात पाहिली आणि तो गल्ल्यावरून उठलाच नाही.

"बाई, या बाजारात पैसे मागायला रोज लोक येतात. परत द्यायला आलेल्या तुम्ही पहिल्या. ठेवा ते, मॅटला लावा."

"लावू," काका म्हणाले, "पण आधी हातात घ्या."

व्यापाऱ्याने नोट घेतली.

"आता देणगी म्हणून द्या. पावती मिळेल. आणि तिकीट हवं असेल तर रविवारी मैदानावर या."

हा प्रकार गाळ्यागाळ्यावर झाला. तिसऱ्या सकाळपर्यंत गोष्ट आमच्या पुढे पळत होती. आम्ही पोचायच्या आधीच लोक विचारत, "कालवडवाल्या मॅडम त्या तुम्हीच का?"

रविवारी ते सगळे आले. टेम्पो भरून हमाल आले, व्यापारी बायकामुलांना घेऊन आले. आमच्या सामन्यांना आजवर खेळाडूंच्या आया आणि दोनचार रिकामटेकडे एवढीच गर्दी असायची. त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात झेंडूची माळ घातलेली कालवड निवांत कडबा खात होती आणि तिच्यासोबत फोटो काढायला रांग लागली होती.

कचेरीचा माणूस फाइल घेऊन पहिल्या रांगेत बसला. अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात त्याची फाइल काकांच्या मांडीवर होती आणि तो स्वतः खुर्चीवर उभा होता. आम्ही तो सामना एका गुणाने हरलो. मुली रडल्या. पण एवढ्या लोकांनी उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, की रडताना त्यांना मध्येच हसू यायला लागलं.

मग सोडत. कचेरीच्या माणसाने डब्यातून चिठ्ठी काढली आणि नंबर वाचला. गर्दीतून एक सडपातळ मुलगी पुढे आली. ती विदर्भातली, इथे नर्सिंग शिकणारी, आमच्याच गल्लीत चौघींत मिळून एका खोलीत राहणारी. मैत्रिणींनी घेतलं म्हणून तिनेही एक तिकीट घेतलं होतं. ती कालवडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमची रूम थर्ड फ्लोअरला आहे."

मी तिला आधी घरी फोन करायला सांगितलं. तिने स्पीकर लावला.

"बाबा, मले कालवड लागली."

"लागली? कुठी लागली? जास्त लागलं का? दवाखान्यात गेली का नाही?"

आजूबाजूचे लोक पोट धरून हसायला लागले. तिलाही बोलता येईना. शेवटी मी फोन घेऊन सगळं समजावलं. मग तिचे वडील म्हणाले, "मॅडम, आमची गाय मागल्याच साली गेली. गोठा रिकामाच हाये. पण इतक्या लांब आणाची कशी?"

कांद्याच्या व्यापाऱ्यासोबत आलेला एक ट्रान्सपोर्टवाला हे ऐकत होता. त्याच्या गाड्या विदर्भातून संत्री घेऊन येतात आणि जाताना बऱ्याचदा रिकाम्या जातात. तो म्हणाला, "मी पोचवतो. भाडं नको."

"थांबा," काका म्हणाले, "जनावर न्यायचं तर डॉक्टरांचा दाखला लागेल. वाटेत अडवलं तर कागद हवेत."

या वेळी त्यांना कुणी टाळलं नाही. कागद त्यांनीच दोन दिवसांत उभे केले. गाडीत पेंढा टाकून घेतला, ड्रायव्हरला पाण्याच्या थांब्यांची यादी दिली, आणि दर थांब्यावर त्याला फोन करून हैराण केलं. गाडी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या मुलीने मला फोटो दाखवला. तिची आई कालवडीला ओवाळत होती.

महिन्याभरात मॅटही आली. आता आमच्या मुली तिच्यावर पडतात त्या पकड करताना, पाय अडकून नव्हे, आणि परवा त्यांनी जिल्ह्याची उपांत्य फेरी गाठली.

त्या मुलीचे वडील हंगामात ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीतून संत्र्यांची एक पेटी मैदानावर पाठवतात. पेटी आली की मुली सराव लवकर संपवतात, आणि मी त्यांना अडवत नाही.