आईनं निवडलेला पैलवान

मी वकील आहे, चौतीस वर्षांची आहे आणि जपानी व्हिडिओ गेम खेळते. या तिन्ही गोष्टी एका दमात सांगायला मला बरीच वर्षं लागली. कोर्टात कुणाला माहीत नव्हतं. निपाणीला घरी तर त्याहून नाही. टिळकवाडीतल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली गेमची काळी पेटी असते. कुणी येणार असलं की तिच्यावर मी विणलेला रुमाल टाकायचे.

सुरुवात झाली इंग्रजीच्या भीतीतून. माझी शाळा मराठी. लॉ कॉलेजसाठी बेळगावात आले तेव्हा वर्गात तोंड उघडायचंच टाळायचे. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या मुलीकडे तिच्या भावाचा जुना कन्सोल, टीव्हीला जोडायची गेमची पेटी, होता. त्यावर एक रोल-प्लेइंग गेम होता. आपण गोष्टीतला नायक व्हायचं, सोबती जमवायचे, गावोगाव फिरायचं, लढाया करत ताकद वाढवायची. माणसं जे बोलतात ते खाली अक्षरांत उमटतं आणि आपण बटण दाबेपर्यंत तिथंच राहतं. माझ्यासाठी थांबणारं इंग्रजी मला तिथं पहिल्यांदा भेटलं. मांडीवर डिक्शनरी घेऊन मी तो अख्खा गेम वाचून काढला. ‘ॲफिडेव्हिट’च्या आधी मला ‘प्रॉफेसी’ हा शब्द आला.

त्यामुळे या खेळांवर माझा जीव आहे, आणि त्यांच्याबद्दल खरं बोलायचा थोडा हक्कही आहे असं मी समजते. ते विनाकारण लांब असतात. पहिले दहा तास नायकाला गावाबाहेर पडायलाच लागतात. नायक बहुतेक पोरका असतो, त्याला मागचं काही आठवत नसतं, आणि त्याची तलवार त्याच्याहून मोठी असते. मधेच कथा अडते आणि पुढं जायचं तर त्याच माळावर तेच प्राणी पन्नासदा मारत बसावं लागतं. बर्फात लढणाऱ्या बायकांना अंगभर कपडे द्यायला कुणाला सुचत नाही. आणि शेवटी, सत्तर-ऐंशी तासांनी, सगळ्या दुःखाच्या मुळाशी कुणीतरी देव निघतो आणि त्याला हरवावं लागतं. माझ्या आजोबांनी एका सकाळी देव्हारा रिकामा केला, बौद्ध झाले आणि दुपारी तंबाखूच्या वखारीत कामावर गेले. त्यांना ऐंशी तास लागले नाहीत.

नोकरी लागल्यावर मी फायटिंग गेमकडे वळले ते या लांबणीला कंटाळूनच. तिथं समोरासमोर दोघं, दीड मिनिटाची फेरी, दोघांचीही ताकदीची पट्टी सारखीच भरलेली. गेल्या आठवड्यात किती राबलात हे कुणी विचारत नाही. हरलात तर चूक तुमचीच, आणि ती लगेच कळते. दिवसभर तारखांवर तारखा घेणाऱ्या माणसाला हे किती बरं वाटतं ते वकीलच जाणे. याही खेळांचं मला सगळंच पटतं असं नाही. अर्धे लढवय्ये वेगळे विकत घ्यायला लावतात, आणि नव्या माणसाला शिकवण्याचा भाग असा लिहिलेला असतो की आधीच येत असेल त्यालाच तो समजावा. तरी एकूण खेळ प्रामाणिक.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती तीन महिने माझ्याकडे राहायला आली. आईनं निपाणीत तीस वर्षं बिड्या वळल्या. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. बोलता बोलता, माझा अभ्यास घेता घेता तिची बोटं चालूच असायची. मी कमावती झाल्यावर तिनं काम सोडलं, पण बोटांनी सोडलं नव्हतं. माझ्या फ्लॅटमध्ये बसून ती पदराच्या टोकाची सुरळी करायची, सोडायची, पुन्हा करायची. टीव्हीवरच्या मालिका तिला आवडेनात. शेजारणी कामावर जाणाऱ्या. रविवारी विहारात जावं तर जिना उतरवत नव्हता.

एका शनिवारी दुपारी मी कोर्टाचे कागद वाचत होते. तिनं तो रुमाल उचलला आणि खाली काय झाकून ठेवलंय म्हणून विचारलं. मी खोटं बोलायची तयारी केली होती, पण तिच्यासमोर मला ते कधीच जमलेलं नाही. गेम आहे म्हणाले. मीच खेळते म्हणाले. एवढी शिकलेली बाई पोरांसारखी खेळत बसते असं काहीतरी ऐकायची मी वाट बघत राहिले. तिनं हात पुढं केला आणि दाखव म्हणाली.

मी तिला फायटिंग गेम लावून दिला, कारण त्यात वाचायचं काही नसतं. पडद्यावर वीसेक लढवय्ये उभे होते. चपळ, देखणे, हातातून ज्वाळा निघणारे. आईनं सगळ्यांना नीट बघून एक जाडजूड, हळू चालणारा पैलवान निवडला. हा खातापिता दिसतोय, एवढंच कारण सांगितलं. मी मनात म्हटलं, याच्याइतका अवघड गडी दुसरा नाही, दोन दिवसांत कंटाळेल.

कंटाळली नाही. पहिल्या आठवड्यात तिनं फक्त मार अडवायचा कसा ते शिकून घेतलं. मागचं बटण धरलं की मार अडतो, हे कळल्यावर ती तासन्‌तास नुसतं अडवत बसायची. मी दमून थांबले की पैलवान एक पाऊल पुढं टाकायचा आणि मला उचलून आपटायचा. तिसऱ्या आठवड्यात तिनं मला हरवलं. सात वर्षांचा माझा सराव, आणि मी सोफ्यावर बघत राहिले. तिच्या बोटांत ताल होता, पण खरी गोष्ट वेगळी होती. तिला घाई नव्हती. मला वाटायचं फायटिंग गेम म्हणजे मारणं. आई खेळायला लागली तेव्हा कळलं की त्यात बघणं जास्त आहे. पुढं मी तिला विचारलं की हे कुठं शिकलीस. ती म्हणाली, बिड्या तपासणाऱ्याच्या हाताकडं बघून. तो कुठली बिडी खराब म्हणून बाजूला काढणार हे त्याचा हात हलायच्या आधी कळायला लागलं होतं.

त्याच सुमारास शहरातल्या एका गेमिंग कॅफेत रविवारी सकाळी स्पर्धा होती. मी तिथं पूर्वी एकदा गेले होते. दारातच कुणीतरी मला विचारलं होतं की तुमचा मुलगा आत आहे का. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मी वळले आणि घरी आले, परत त्या रस्त्यानंही जात नसे. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, रिक्षा बोलव, मी येते संगट.

ती काठी टेकत माझ्यासोबत आत आली. तिथल्या मुलांनी गडबडीनं तिला खुर्ची दिली. दोनदा हरलं की बाहेर, असा नियम होता. पहिला सामना मी एका कॉलेजच्या मुलाशी हरले, तेही फार वाईट. आईजवळ येऊन बसले आणि घरी जाऊया म्हणाले.

“तू मार खाल्लास की लगीच उडी मारतीस,” आई म्हणाली. “त्याला ते ठावं झालतं. तो तुझ्या उडीची वाटच बगत हुता.”

“मग काय करू?”

“काय करू नगंस. खा मार, आन् उभी ऱ्हा.”

सात वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सात वर्षांत मला खेळताना कुणी बघितलंच नव्हतं. पुढच्या सामन्यात मी उडी मारली नाही. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून अडवत राहिले, आणि जिंकले. त्याच्या पुढचाही जिंकले. मग लोंढ्याहून आलेल्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांनी मला हरवलं. चाळिशीचे होते, सकाळच्या गाडीनं खास या स्पर्धेसाठी आले होते. हरवल्यावर त्यांनी हात मिळवला आणि माझ्या दोन चुका कन्नडमध्ये शांतपणे समजावून सांगितल्या. आईकडे बघून त्यांनी विचारलं, अव्वा पण खेळतात का. आईनं काठी माझ्याकडे दिली आणि खुर्ची पुढं ओढली. पहिली फेरी आईच्या पैलवानानं घेतली, पुढच्या दोन त्यांनी. भोवती आठ-दहा मुलं उभी राहून बघत होती आणि कुणी हसत नव्हतं.

त्यानंतर मी महिन्यातून दोनदा तिथं जाते. आता आणखी दोन मुली येतात. एक डेंटलला आहे, दुसरी सदलग्याची, बँकेत नोकरीला. कोर्टातही एकदोघांना सांगून टाकलं. एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी कुतूहलानं विचारलं की त्यात डोकं लागतं का. मी हो म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते कुणास ठाऊक.

आई निपाणीला जायच्या आधी मी तिला रोल-प्लेइंग गेमही दाखवला. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, ती ऐकायची. पहिल्या तासाभरातच नायकाची आई मेली. मी दुसरा गेम लावला, त्यातही तेच. आईनं कंट्रोलर खाली ठेवला.

“ह्या लोकांस्नी आई जित्ती ठिवून गोष्ट सांगाय येत न्हाय व्हय गं?”

इतकी वर्षं या खेळांवर मी टीका करत आले, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी शोधायला लागले आणि शेवटी एक सापडला, ज्यात आई जिवंत आहे आणि थोडी तापटही. तो आम्ही अजून खेळतोय. मी पंधरवड्यातून एकदा शनिवारी निपाणीला जाते, पेटी बॅगेत घालून. आई प्रत्येक गावातल्या प्रत्येक घरात जायला लावते, प्रत्येक माणसाशी बोलायला लावते. मी एकटी खेळायचे तेव्हा हे सगळं वगळून पुढं पळायचे आणि वर खेळ लांबलाय म्हणायचे. आता तिच्यासोबत काम केलेल्या दोन मावश्याही ऐकायला येऊन बसतात. गेल्या वेळी खेळातल्या एका विहिरीजवळच्या म्हातारीचं म्हणणं काय यावर तिघींचा अर्धा तास वाद चालला. मी बटण दाबायची थांबले. अक्षरं पडद्यावर तशीच उभी होती. एक मावशी म्हणाल्या की म्हातारी खोटं बोलतेय, परत एकदा वाच.